पेरॉक्साइडला फेस आला नाही

बळीरामचं बोट त्या शनिवारी कापलं नसतं, तर लहानूचा पाय सोमवारी गेला असता. बोटाचा अन् पायाचा काय संबंध म्हणाल, तर जरा दम धरा.

शहाऐंशी सालचा मे महिना होता. नागपूरचा मे म्हणजे काय, हे नागपूरकराला सांगावं लागत नाही आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही. ट्रस्टच्या त्या दवाखान्यात पॅथॉलॉजीची खोली दुसऱ्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्ची. खिडकीत एक कूलर घरघरत होता आणि जेवढा आवाज करत होता त्याच्या निम्मी हवा देत होता. बळीराम शिपाई मोरीशी बसून वापरलेल्या काचपट्ट्या धूत होता. पंचावन्नचा माणूस, हात कामाला आणि तोंड गप्पांना. गप्पांच्या नादात एक काच तडकली आणि बोटात शिरली.

"अगा माय!" बळीराम ओरडला.

"ओरडू नका, बोट धरून ठेवा," असं म्हणत वच्छला मेश्राम उठली. ती तिथली सीनियर टेक्निशियन. छप्पन साली बापाच्या खांद्यावर बसून दीक्षेला गेलेली पोरगी, आता छत्तिशीची बाई, आणि या खोलीत तिची चौदा वर्षं झाली होती. खिडकीजवळच्या फळीवरून तिनं हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली काढली आणि बोटावर धार सोडली.

जखमेवर पेरॉक्साइड पडलं की पांढरा फेस उसळतो, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. इथं दोन बुडबुडे आले आणि गप.

बळीराम बोटाकडे पाहत राहिला. "ताई, हे पाणी हाये का? माह्या नातवाच्या गुडघ्याले लावलं तं कसं फसफस करते. हे काहून गप हाये?"

वच्छलानं पुन्हा ओतलं. पुन्हा गप. तिनं बाटली फिरवून लेबल पाहिलं. फेब्रुवारीत उघडलेली बाटली. बूच सैल. खिडकीची फळी, म्हणजे दुपारी तीन ते पाच सरळ ऊन. शेचाळीस डिग्रीत वच्छलाचे हातपाय गार पडले.

कारण हीच बाटली तिनं मंगळवारी लहानूच्या काचेला वापरली होती.

आता हा लहानू कोण ते सांगायला हवं. खरं तर शनिवारपर्यंत वच्छलालाही तो नुसता नंबर चारशे बारा म्हणून माहीत होता. लहानू बावणे, वय तेवीस, खापरखेड्याच्या वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर कामाला. उजव्या मांडीत नारळाएवढी गाठ. तीन आठवड्यांत वाढलेली. सर्जन काळमेघांनी तिच्यातून तुकडा काढून वर पाठवला होता. वच्छलानं तो मेणात बसवून, मशीनवर कापून, रंगवून दिला आणि विभागप्रमुख डॉ. बोकारे दुर्बिणीवर वाकून दोन दिवस नुसतं 'हं' करत राहिले. पेशी वेड्यावाकड्या, भराभर वाढणाऱ्या. मांसातला कॅन्सर वाटत होता, पण मांसातलाच का हे डोळ्यांना ठरवता येत नव्हतं.

तेच ठरवायला बोकारेसाहेबांनी एक नवी गंमत आणली होती. स्नायूच्या पेशीत आतून ताणून धरणारे बारीक दोरे असतात, त्यात डेस्मिन नावाचं प्रथिन असतं. ते दुसरीकडे सहसा सापडत नाही. सशाच्या रक्तापासून केलेलं एक औषध त्या डेस्मिनला अचूक जाऊन चिकटतं, आणि मग पुढच्या दोन-तीन पायऱ्या केल्या की जिथं चिकटलं तिथं तपकिरी रंग चढतो. गाठीच्या पेशी तपकिरी झाल्या की समजायचं, गाठ स्नायूची. साहेबांच्या परदेशातल्या वर्गमित्रानं करंगळीएवढी एक कुपी पाठवली होती. थर्मासमध्ये बर्फात बसून ती नागपूरला आली तेव्हा साहेबांनी तिचं जे कौतुक केलं, तेवढं त्यांनी स्वतःच्या जावयाचं केलं नसेल.

या पद्धतीत एक खोड आहे. रक्ताला तो तपकिरी रंग आपसूक चढतो, डेस्मिन असो की नसो. म्हणून आधी पेरॉक्साइडमध्ये काच बुडवून रक्ताची ही खोड मारून टाकायची. आणि ती खरंच मेली की नाही हे पाहायला त्याच रोग्याची दुसरी एक काच लावायची, सशाचं औषध न घालता. ही 'निगेटिव्ह' काच पांढरी राहिली तर पहिलीवर विश्वास ठेवायचा.

वच्छलानं ती दुसरी काच लावली नव्हती.

का नाही लावली? आळस म्हणाल तर नाही. त्या बाईच्या अंगात आळस असता तर चौदा वर्षं मशीनचं चाक फिरवून तिचा उजवा खांदा असा ठणकला नसता. काटकसर म्हणा. नुसत्या कुपीचीच नव्हे, पुढच्या पायऱ्यांच्या औषधांचीही ओढाताण होती आणि प्रत्येक थेंब जीव मुठीत धरून वापरायचा. हिवाळ्यात अकरा रोग्यांच्या काचा झाल्या, अकराही वेळा दुसरी काच पांढरीफेक. बाराव्या वेळी तिनं मनात म्हटलं, आता बारावीही पांढरीच यायची, कशाला थेंब घालवा? बकऱ्याच्या मांसाची काच मात्र तिनं नेहमीसारखी लावली होती. ते मांस तर स्नायूच, ते तपकिरी झालं की औषध काम करतंय हे कळतं. त्यासाठी ती रविवारच्या मटणातून बोटभर तुकडा आणायची. नंदनवन कॉलनीतल्या घरी तिचा नवरा म्हणायचा, "आधी दवाखान्याचा हिस्सा काढून ठेव, मग मसाला लाव."

बकरं तपकिरी झालं. लहानूची काचही झाली, इथून तिथून. बोकारेसाहेबांनी हर्षानं मान वर केली आणि विचारलं, "वच्छलाबाई, निगेटिव्ह पांढरं आहे ना?"

आणि वच्छला म्हणाली, "हो सर."

तोंडातून गेलं ते गेलं. खोटं बोलायचं म्हणून ती बोलली नव्हती. नेहमीचं उत्तर नेहमीच्या जागी बाहेर पडलं. पण ते खोटंच होतं, आणि बुधवारी त्याचा रिपोर्ट झाला. स्नायूचा कॅन्सर. सोमवारी सकाळी आठला लहानूचा पाय मांडीच्या सांध्यापासून काढायचं ठरलं.

बळीरामच्या बोटाला चिंधी बांधून वच्छला उभी राहिली. मनात एक कावळा ओरडत होता. गप्प बस. कोणाला कळणार आहे? रिपोर्ट बरोबरही असेल. बाटली फेकून दे, नवी आण, विषय संपला. दोन मिनिटं तिनं त्या कावळ्याचं ऐकलं, हे तिनं पुढं स्वतःच कबूल केलं. मग तिला खालच्या मजल्यावरचा तो पाय आठवला, जो तिनं कधी पाहिलाही नव्हता, आणि ती साहेबांच्या केबिनमध्ये शिरली.

डॉ. बोकारे डबा उघडून बसले होते. रागीट माणूस. चष्मा काढून टेबलावर ठेवला की विभागातली माणसं वाट बदलायची.

"सर, चारशे बाराची काच चुकली असंल."

"असेल म्हणजे?"

"पेरॉक्साइड मेलेलं होतं. आत्ता बळीरामच्या बोटावर टाकलं, फेस नाही आला."

साहेबांनी घास खाली ठेवला. "मग निगेटिव्ह पांढरं कसं आलं? तुम्हीच सांगितलं मला."

"लावलंच नव्हतं सर. मी खोटं बोलली."

चष्मा टेबलावर गेला. वच्छलाला वाटलं, आता डबा अंगावर येतो.

"किती वर्षं झाली तुम्हाला इथं?"

"चौदा."

"चौदा वर्षांत किती वेळा असं केलं?"

"एकदाच."

"एकदाच!" साहेब गरजले. "माणसाचा पायही एकदाच कापता येतो, बाई! तुमच्या त्या थेंबाची काटकसर घालायची कुठे? चुलीत?" मग त्यांनी डब्याचं झाकण लावलं. बोलले तेव्हा आवाज उतरला होता. "आणि मी तरी काय केलं? काच मागून पाहायला हवी होती. नुसतं विचारलं. रंग पाहून मीच हुरळलो होतो."

त्यांनी काळमेघांना फोन लावला. सर्जन मोठ्यानं बोलणारा माणूस, वच्छलाला दाराशी शब्दन् शब्द ऐकू आला. "बोकारे, त्या पोराच्या माऊलीनं मोठ्या मुश्किलीनं कागदावर अंगठा दिलाय. पुढं ढकललं तर उचलून घरी नेतील पोराला आणि दोन महिन्यांनी मढं घेऊन येतील. उद्या संध्याकाळपर्यंत लेखी दे. नाहीतर सोमवारी आठला मी सुरी लावतो."

फोन ठेवून साहेब म्हणाले, "उद्या रविवार आहे."

"मी येते सर."

"मी काय घरी झोपणार आहे? नऊला."

त्या दुपारी वच्छला उन्हातून सदर बाजारात गेली, तीन दुकानं पालथी घालून ताजी बाटली आणली. दुकानदाराच्या शब्दावर विश्वास ठेवायचे दिवस संपले होते. दवाखान्याच्या भटारखान्यातून तिनं एक बटाटा मागून घेतला, कापला आणि त्यावर थेंब टाकला. बटाट्यावर फेस असा फुलला की आचारी म्हणाला, "बाई, हे साबण हाये का?" वच्छलाला त्या फेसाचा मुका घ्यावासा वाटला.

पाचला भेटीची वेळ सुरू झाली आणि तिचे पाय आपोआप पुरुषांच्या वॉर्डकडे वळले. चौदा वर्षांत ती कधी रोगी पाहायला गेली नव्हती. टेक्निशियनला रोगी मेणात भेटतो, तेवढं बस असतं. खिडकीजवळच्या खाटेवर एक उंचापुरा पोरगा छताकडे डोळे लावून पडला होता. उजव्या मांडीवर पट्टी. पायथ्याशी एक लहानखुरी बाई बसून त्याचा डावा पाय, चांगला पाय, तेलानं चोळत होती. काय चोळत होती! अंगठे पोटरीत रुतवून, टाचेपासून गुडघ्यापर्यंत एका दमात, आणि पोरगा दात आवळून गप्प. खाटेखाली तेलाची शिशी होती. जवसाचा वास वच्छलाला दारातूनच आला.

"तुम्ही याची माय का?" वच्छलानं विचारलं.

"हो जी. पार्वतीबाई म्हणतात मले. आमच्या इकडं कोणाचंही लेकरू झालं तं चोळाले मलेच बलावतात." बाईच्या चेहऱ्यावर क्षणभर अभिमान आला आणि विझला. "त्या पायाले तं हात लावू देत नाहीत. मंग याले तरी चोळून राहिली. एकट्यावर सारा भार येईन ना आता याच्या."

वच्छलानं विचारलं, "बाई, तो पाय दुखला तेव्हा त्यालेबी चोळलं होतं का?"

पार्वतीबाईचे हात थांबले. "नाई," ती झटक्यात म्हणाली. "कॉलनीतल्या डॉक्टरनं सांगतलं होतं, हात लावू नको म्हून. मी कायले लावीन?"

पोरानं मायकडे पाहिलं आणि पुन्हा छताकडे. वच्छला निघाली. पण ते पाहणं तिच्या डोक्यात राहिलं.

रविवारी नऊला काम सुरू झालं. बळीराम बोलावलं नसताना आला, बोटाची चिंधी मिरवत. "माह्या बोटानंच तं शोध लावला," म्हणाला, आणि कूलरमध्ये स्वतःहून पाणी भरलं. ते त्यानं त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा केलं असावं.

वच्छलानं लहानूच्या तीन काचा घेतल्या. एक जुन्या बाटलीतली, सशाचं औषध न घालता. एक नव्या बाटलीतली, औषध न घालता. आणि एक नव्या बाटलीतली, औषध घालून. शेजारी बकरा. थेंब टाकताना तिनं आज हात आखडला नाही. दोन वाजता शेवटचा रंग टाकला आणि साहेब आणि ती, दोघं वाकून उभे राहिले.

जुन्या बाटलीची काच औषधाशिवायच तपकिरी झाली. इथून तिथून, अगदी मंगळवारसारखी.

"हे पाहा," साहेब पुटपुटले. "सगळं रक्त. गाठभर रक्त मुरलंय. आपण रक्ताला डेस्मिन म्हणत होतो."

नवी काच औषधाशिवाय पांढरीफेक राहिली. आणि औषधाची काच दुर्बिणीखाली गेली तेव्हा त्या वेड्यावाकड्या पेशी साऱ्या फिकट होत्या. मध्येमध्ये चेंगरून अडकलेले जुन्या स्नायूचे चार-दोन धागे तेवढे तपकिरी.

"नाही सर! नाही आलं!" वच्छला लहान पोरीसारखी ओरडली. बळीरामनं मोरीवरून टाळी वाजवली आणि बोट दुखलं म्हणून कण्हला.

पण साहेब हसले नाहीत. खुर्चीत बसून त्यांनी कपाळ चोळलं. "डेस्मिन नाही, म्हणजे स्नायूचा कॅन्सर बहुधा नाही. पण कॅन्सरच नाही, असं थोडंच ठरतं, बाई? दुसऱ्या जातीचा असू शकतो. या पेशी मला अजून आवडत नाहीत. काळमेघला मी काय लिहू? की याला नाव दुसरं आहे, पाय तोच काप?"

वच्छला स्टुलावर बसली. एवढं करून जागच्या जागीच का? मग तिच्या नाकात जवसाचा वास आला, खरा नव्हे, कालचा.

"सर, एवढं रक्त मुरायला काय लागतं?"

"मार लागतो. केसपेपरवर आहे की, पट्ट्याचा रोलर मांडीला लागला म्हणून. पण एका मारानं इतकं नाही. पुन्हा पुन्हा लागायला हवं."

"पुन्हा पुन्हा रगडलं तर?"

साहेबांनी चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला. "कोणी रगडलं?"

"त्याची आई नाही म्हणते. पण मला वाटते, रगडलं."

"अहो, मग हा मारच असू शकतो! मार लागलेला स्नायू रगडत राहिलं की आत रक्त साकळतं, आणि पुढं तिथं चक्क हाड धरतं. सुरुवातीला त्याच्या मधोमध तुकडा काढला तर हुबेहूब कॅन्सरसारखा दिसतो. पण मालिश झालं का, हे केसपेपरवर नाही, आणि अंदाजावर मी काळमेघला काय सांगू? चला खाली."

वॉर्डात पार्वतीबाईनं साहेबांना पाहिलं आणि ती ताडकन उभी राहिली. साहेब माणूस मोठा, पण त्यांना हळू बोलणं कुठं जमतं? "बाई, खरं सांगा, या पायाला चोळलं होतं का?" म्हणाले ते अख्ख्या वॉर्डानं ऐकलं.

"नाई साहेब! देवाशप्पथ नाई!"

लहानूनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

साहेब पुन्हा काही म्हणणार तोच वच्छला मध्ये झाली. तिनं पार्वतीबाईचा हात धरला आणि खाटेच्या कडेला तिला बसवलं, आपणही बसली.

"माय, माहं ऐका. तुमच्या पोराची तपासणी मी केली होती. अन् ती चुकीची केली. एक काच लावायची होती, ती लावली नाही, अन् साहेबाले सांगतलं की लावली. खोटं बोलली मी. त्याच कागदावर तुम्ही अंगठा देला."

पार्वतीबाईनं आपल्या अंगठ्याकडे पाहिलं.

"काल सांगून टाकलं. वाटलं, नोकरी गेली आता. साहेब रागावले, लय रागावले. पण खाल्लं नाही त्यायनं मले. अन् म्हणूनच आज पुन्हा तपासणी झाली. आता तुमची पाळी हाये. खरं काय ते सांगा, कोणी काही म्हणणार नाही. म्हटलं तं मी हाये."

बाईचा मग एकदम बांध फुटला.

"चोळलं व माय, चोळलं! वीस दिवस चोळलं. रोज दोन टाइम. तेल कडक करून, अंगठ्यानं रगडून, वरून गरम ईट शेकून. पोरगं ओरडे, तं मी म्हणो, ओरड, दुखन तवाच गाठ फुटन. अन् ती मुई फुटाच्या ठिकाणी वाढतच गेली." तिनं दोन्ही तळहात पुढं केले, जणू ते दुसऱ्याचेच होते. "याच हातानं गावचे सारे लेकरं चोळून ठणठणीत केले, अन् माह्याच पोराच्या पायाले हात नाई लावू? मंग इथं सारे म्हणाले, कॅन्सर झाला. मले वाटलं, माह्या चोळण्यानंच झाला. सांगू कोणाले? कोणत्या तोंडानं सांगू?"

"तरी मी म्हणत होतो, सांग माय, सांग," लहानू भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला. त्याचा आवाज रडवेला होता. "आईचं नाव मी कसं घेऊ साहेब?"

बोकारेसाहेब तिथंच, वॉर्डाच्या मधोमध, मोठ्यानं हसले. अशा वेळी हसतात का? पण त्यांना आवरेना. "बाई, तुम्ही हे पंधरा दिवस आधी बोलायला हवं होतं! स्ट्रेचर आणा! एक्स-रे काढा याचा!"

रविवारचा एक्स-रेवाला घरून बोलवावा लागला, त्याच्या शिव्या अजून कोणाकोणाला आठवतात. पहिला फोटो महिन्यापूर्वीचा होता, त्यात काही दिसत नव्हतं. आताच्या ओल्या फिल्मवर गाठीभोवती एक पांढरी कड उमटली होती, अंड्याच्या टरफलासारखी पातळ, सगळीकडून मिटलेली. काळमेघ स्वतः धावत आले, फिल्म उजेडाकडे धरून बराच वेळ उभे राहिले.

"बाहेरून हाड धरतंय," बोकारे म्हणाले. "आतला माल कोवळा, कडेला पिकलेला. कॅन्सर असा नसतो, काळमेघ. हा मार आहे. रगडून रगडून वाढवलेला मार."

"म्हणजे मी उद्या..." काळमेघांनी फिल्म खाली ठेवली आणि खिशातून पेन काढून उद्याच्या यादीतलं पहिलं नाव खोडलं. इतक्या जोरात खोडलं की कागद फाटला. "पायाला विश्रांती. दर पंधरा दिवसांनी फोटो काढायचा, कड अशीच पिकत गेली पाहिजे. आणि त्या बाईचे हात बांधून ठेवा."

पार्वतीबाईला हे कळायला वेळ लागला. पाय राहणार, हे तिला चारदा सांगावं लागलं. चौथ्यांदा बळीरामनं सांगितलं, तिच्या भाषेत: "बुडे, पाय नाही कापत. पोट्टा दोन पायानं घरी जाते." तेव्हा कुठं तिचा जीव भांड्यात पडला. ती पोराच्या पायाशी फतकल मारून बसली आणि रडली, हसली, पुन्हा रडली. सवयीनं हात पायाकडे गेला, तो तिनं स्वतःच्याच दुसऱ्या हातानं धरून ठेवला.

वच्छला सोमवारी आठला आपल्या मशीनवर होती. आठ वाजले, सव्वाआठ झाले. खाली ऑपरेशन थिएटरचं दार उघडल्या-मिटल्याचा आवाज आला, पण ते दुसऱ्याच कोणाचं अपेंडिक्स होतं. तिनं चाक थांबवलं, डोळे पुसले आणि साहेबांनी दिलेला मेमो पुन्हा एकदा वाचला. मेमो कडक होता. त्याखाली साहेबांनी स्वतःचीही चूक लिहून सही केली होती.

पोळ्याच्या दोन दिवस आधीची गोष्ट. बळीराम दारातून ओरडला, "ताई, कोणी तरी आपल्या जिन्यानं येऊन राहिलं!"

रोगी वर कधी येत नाहीत. दुसरा मजला, लिफ्ट नाही, पायऱ्या उंच. वच्छला हातातलं काम टाकून जिन्याशी आली. खालून पावलं वाजत होती. एक जड, एक जरा ओढलेलं, पुन्हा एक जड. दोन पायांची. ती कठडा धरून ऐकत राहिली. चौदा वर्षांत इतकं चांगलं काही तिच्या कानावर पडलं नव्हतं.

लहानू वर आला, घामाघूम, हसत. "ताई, सारा जिना चढलो. कुठं थांबलो नाही." मागून पार्वतीबाई धापा टाकत आली, हातात डबा. "पहा ना, म्हातारीले मांगं टाकून आला मेला!"

वच्छलानं नुसता लहानूच्या पायाकडे हात केला आणि मान हलवली. मग उजवा खांदा ठणकला म्हणून नकळत तो दाबला.

पार्वतीबाईनं ते बरोबर हेरलं. डबा खाली ठेवून ती पुढं झाली, हात उचलला, आणि मध्येच थबकली. अंगठा रुतवायला निघालेला तो हात तिनं हळूच वच्छलाच्या खांद्यावर नुसता ठेवला.

"दुखते का व माय?" ती म्हणाली. "नाई चोळत. ठेवते फक्त."

आणि बराच वेळ तिनं तो तसाच ठेवला.